बुधवारची रात्र, साडेअकरा ते चार: बेघरांची मोजणी आणि ७३ रात्रींचा निवारा

२०२४-२५ च्या हिवाळ्यात खान्देशातल्या एका शहरात आम्ही दोन कामं केली. १८ डिसेंबर २०२४ च्या रात्री उघड्यावर झोपणाऱ्यांची मोजणी, आणि २८ डिसेंबरपासून १० मार्चपर्यंत तीस जणांचा तात्पुरता रात्रनिवारा. आम्ही म्हणजे समाजकार्य शिकणारी मुलं, दोन निवृत्त परिचारिका, रिक्षाचालकांचा एक गट आणि भाजी मार्केटमधले काही हमाल. हेच काम कुणाला आपल्या गावात करायचं असेल तर त्याचे निदान दोन महिने वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहीत आहे.

शहराचं नाव मुद्दाम देत नाही. कुठल्या ओट्यावर किती जण झोपतात हे जाहीर झालं की त्या ओट्यावर रात्री पाणी ओतायला सुरुवात होते, किंवा खडीचा ढीग येऊन पडतो. आमच्या अहवालातही फक्त प्रभागनिहाय आकडे आहेत, जागांची यादी नाही. हा नियम पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. नंतर कुणीतरी यादी मागतंच.

सुरुवात ७ ऑक्टोबरला अर्जाने झाली. मोजणीसाठी कायद्याने परवानगी लागते असं नाही, पण रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन फिरणाऱ्या चाळीस माणसांकडे कागद असलेला बरा. तीन अर्ज केले: महापालिकेला, पोलिसांना आणि रेल्वेला. पहिला अर्ज आम्ही फक्त ‘निवारा सुरू करावा’ असा लिहिला होता. तो परत आला, कारण ‘शहरात बेघर आहेत याचा आकडा जोडलेला नाही’. आठवड्याभरात, १५ ऑक्टोबरला, विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि २३ नोव्हेंबरच्या निकालापर्यंत फाइल हलली नाही. तो वेळ आम्ही नकाशा करण्यात घालवला आणि तेच बरं झालं. एक सवय लावून घ्या: कुठलाही अर्ज दिला की पोचपावतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. तीन वेळा ‘तुमचा अर्ज सापडत नाही’ असं उत्तर मिळालं आणि तिन्ही वेळा त्या क्रमांकानेच तो सापडला.

आकडा का लागतो हेही सांगायला हवं. अन्न अधिकाराच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून बेघरांच्या निवाऱ्याबद्दल आदेश दिले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा स्वतंत्र घटक आला. त्याच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची कायम निवाऱ्याची सोय हवी, एका निवाऱ्यात पन्नास ते शंभर माणसं, आणि माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४,६०,२२८ होती, धुळ्याची ३,७५,५५९, भुसावळची १,८७,४२१ आणि नंदुरबारची १,११,०३७. गुणाकार आपला आपण करून पाहा. एकट्या जळगावला चारशे साठच्या आसपास जागा लागतात, आणि हा हिशोब २०११ च्या लोकसंख्येवरचा आहे.

बेघरांची शेवटची देशव्यापी मोजणीही त्याच जनगणनेतली, २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्रीची. तेव्हा देशात १७.७ लाख माणसं बेघर नोंदली गेली, महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांवर. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे आज कुठल्याही शहराकडे स्वतः मोजल्याशिवाय ताजा आकडा नाही.

मोजण्याआधी ‘बेघर कोण’ हे ठरवायला आम्हाला चार बैठका लागल्या. मला हाच सगळ्या कामाचा कणा वाटतो. जनगणनेची व्याख्या रुंद आहे: इमारतीत न राहता रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, मंडपात, फलाटावर राहणारी माणसं. इंग्लंडमध्ये २०१० पासून दरवर्षी १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबरमधल्या एका ठरलेल्या रात्रीचा आकडा काढतात. तिथे उघड्यावर झोपलेला, झोपायच्या तयारीत असलेला किंवा आपल्या अंथरुणाजवळ बसलेला-उभा असलेला माणूस धरतात. आम्ही दोन्ही समोर ठेवून आपल्याला पुरेल अशी विभागणी केली.

पहिला गट उघड्यावर झोपलेले किंवा अंथरूण पसरून बसलेले. दुसरा गट ताडपत्री किंवा पालाखाली राहणारे. यांची मोजणी केली पण आकडा वेगळा ठेवला, कारण तात्पुरत्या हॉलमध्ये अख्खं पाल येत नाही. सातपुड्यातून ऊसतोडीला किंवा गुजरातकडे जाणारी पावरा आणि भिल्ल कुटुंबं दिवाळीनंतर स्टँडजवळ एक-दोन रात्री मुक्काम करतात, ती तिसऱ्या गटात: ‘वाटेवरचे’. चौथा गट म्हणजे ज्यांना घर आहे पण आज इथे झोपलेत: पहाटेच्या गाडीचे प्रवासी, दुकानाचा राखणदार, दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक. हा चौथा गट मोजायचा नाही असं ठरलं आणि तिथेच आमची सर्वांत मोठी चूक झाली. ती पुढे सांगतो.

नकाशा करताना कार्यालयातल्या कुणाचा फार उपयोग झाला नाही. झाला तो सफाई कामगारांच्या मुकादमांचा, पहाटे चारला स्टोव्ह पेटवणाऱ्या चहावाल्यांचा, रात्रपाळीच्या रिक्षावाल्यांचा आणि दर्ग्यातल्या खादिमांचा. झाडू मारणाऱ्या बाईला माहीत असतं की कुठला माणूस रोज उठवावा लागतो. प्रत्येक मुकादमाला त्याच्या हद्दीचा साधा हाताने काढलेला कागद दिला आणि ‘इथे कोण झोपतं’ एवढाच प्रश्न विचारला. तीन आठवड्यांत त्र्याहत्तर जागा मिळाल्या. प्रत्येक जागा दोनदा पाहिली, एकदा रात्री दहाला आणि एकदा पहाटे तीनला, कारण दहाला गजबजलेला ओटा तीनला रिकामा असतो आणि उलटही. साडेअकरानंतर हॉटेलं बंद झाली की भट्टीच्या मागच्या गरम भिंतीला माणसं येऊन टेकतात. ती भिंत दिवसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

पोलिसांचं पत्र नऊ दिवसांत आलं. रेल्वेचं मोजणीच्या दोन दिवस आधी. फलाटावरची परवानगी वेगळी आणि स्थानकाबाहेरच्या आवाराची वेगळी. रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस अशा दोन्ही ठिकाणी प्रत द्यावी लागते. खान्देशात स्थानक सोडून मोजणी केली तर ती अर्धीच होते. भुसावळला मुंबई, नागपूर आणि इटारसीकडचे मार्ग मिळतात, जळगावहून अमळनेर-नंदुरबारमार्गे सुरतेची लाइन फुटते. घरातून निघालेला, वाट चुकलेला, मन थाऱ्यावर नसलेला माणूस गाडी थांबेल तिथे उतरतो आणि बऱ्याचदा तिथेच राहतो.

तारीख ठरवताना पंचांग आणि बाजार दोन्ही पाहा. १४ डिसेंबरला दत्तजयंती होती. त्या दिवसांत मागून खाणारे बरेच जण सारंगखेड्याच्या यात्रेकडे जातात. गुरुवारी-शनिवारी देवळांपुढे अन्नदान असतं, त्या रात्री तिथली गर्दी फुगते. आठवडे बाजाराच्या आदल्या रात्री खेड्यांतले विक्रेते मालाशेजारी झोपतात. लग्नाच्या दाट तिथीला वाढपी आणि बँडवाले मंगल कार्यालयांच्या दारात असतात. हे सगळं वजा केल्यावर बुधवार, १८ डिसेंबर उरला.

चौदा चमू केले, प्रत्येकी तीन जण, त्यात एक बाई असलीच पाहिजे. एका चमूत पावरी बोलणारा मुलगा होता, दोघांत गुजराती समजणारे. दोन संध्याकाळी सराव घेतला. खाकी रंगाचं काहीही घालायचं नाही. टॉर्चचा झोत जमिनीवर, चेहऱ्यावर कधीच नाही. झोपलेल्याला उठवायचं नाही. फोटो नाही. हातात रजिस्टर आडवं धरून घोळक्याने जायचं नाही, कारण मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ खाली उचलून नेण्याची भीती या माणसांच्या मनात पक्की बसलेली आहे. वही पाहिली की ती पळतात. एक जण पुढे, कागद मागच्याच्या हातात.

फॉर्म अर्ध्या पानाचा ठेवला: जागेचा क्रमांक, वेळ, बाई की पुरुष, अंदाजे वय, एकटा की कुटुंब, मुलं किती, अंगाखाली काय, अंगावर काय, दिसणारा आजार किंवा अपंगत्व, आणि ‘जागा होता की झोपलेला’. शेवटच्या रकान्यामुळे नंतर कळतं की कुठली माहिती विचारून आली आणि कुठली पाहून. तोंड झाकून झोपलेल्याच्या पुढे ‘कळलं नाही’ असं लिहायचं. अंदाजाने भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट. छपाई, टॉर्च, सेल, चहा-बिस्किटं आणि तीन रिक्षांचं डिझेल मिळून मोजणीचा खर्च ९,४०० रुपये आला.

रात्री साडेअकराला सगळे चमू एकाच वेळी निघाले. एकाच वेळी निघण्याला महत्त्व आहे. उशीर झाला की मार्केटमधला माणूस स्टँडवर पोचतो आणि दोनदा मोजला जातो. जागा असलेल्याशी बोलताना मुलांनी पहिला प्रश्न नाव-गाव ठेवला नव्हता, ‘जेवण जयं का भाऊ?’ हा ठेवला होता. अहिराणीतला तो प्रश्न ऐकून माणूस उठून बसतो. मग ‘कोठला शे?’ विचारलं तरी चालतं. फलाटावर तिकीट मागायचं नाही, ‘कोणती गाडी?’ एवढं विचारायचं. ज्याला गाडी सांगता येत नाही पण वळकटी सोबत आहे, तो पहिल्या गटात.

भाजी मार्केटच्या पट्ट्यात एक गोष्ट अगदी जवळून पाहायला मिळाली. केळीच्या रिकाम्या क्रेटांची एक चळत होती, वर ताडपत्री. पुढून पाहिलं तर माल. मागच्या बाजूला तीन क्रेट आडवे करून बिळासारखी जागा केलेली, आत केळीची सुकी पानं, पानांवर पोतं, पोत्यावर एक म्हातारा आणि त्याच्या पोटाशी कुत्रं. त्या चळतीसमोरून एक चमू आधी तसाच निघून गेला होता. सापडला तो कुत्रं गुरगुरलं म्हणून. ताडपत्री, उभे ट्रक, बंद रिक्षा, एटीएमची खोली, दुकानांच्या गच्चीचे जिने आणि मालधक्क्याच्या मागची बाजू या सहा गोष्टी दिसल्या की दोन्ही बाजूंनी फिरून पाहायचं, हे सरावात पुन्हा पुन्हा सांगा.

पहाटे चारला काम थांबवलं. चारनंतर मार्केट उठतं, हमाल जागे होतात आणि कोण झोपलेला होता हे ओळखू येत नाही. कागद त्याच पहाटे पाच ते सातमध्ये बसून तपासले. दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवत नाही.

एका रात्रीची मोजणी नेहमी कमी भरते. किती कमी, याचा अंदाज काढायची एक जुनी रीत आहे. नदीतले मासे मोजणारे ती वापरतात. मार्केटचा पट्टा आम्ही शुक्रवारी, २० तारखेला, वेगळ्या चमूकडून पुन्हा मोजला. पहिल्या रात्री ४० माणसं होती, दुसऱ्या रात्री ३६. दोन्ही याद्यांत २४ जण तेच. चाळीस गुणिले छत्तीस, भागिले चोवीस, म्हणजे साठ. त्या पट्ट्यात साधारण साठ माणसं झोपतात असं धरायचं, चाळीस नव्हे. यासाठी माणूस ओळखता यायला हवा, आणि आधार नंबर मागायचा नव्हता. मग जागे असलेल्यांकडून नावाचं पहिलं अक्षर, मूळ गावाचं पहिलं अक्षर, अंदाजे वय आणि एक खूण एवढं घेतलं. आपल्याकडे हातावर नाव किंवा देव गोंदलेला असतो, त्याची फार मदत झाली. झोपलेल्यांना सकाळी चहाच्या टपरीवर गाठून तेवढंच विचारलं. ही रीत तेव्हाच चालते जेव्हा प्रत्येक जण दिसण्याची शक्यता सारखी असते. जे कधीच दिसत नाहीत ते या गणितातही येत नाहीत.

न दिसणाऱ्यांत बायका सर्वांत जास्त. पहिल्या रात्रीच्या कागदांत बायका इतक्या कमी होत्या की निवृत्त परिचारिकांपैकी एकीने सरळ सांगितलं, ‘दवाखान्यात पाहा.’ आम्ही नातेवाईक म्हणून सोडून दिलेला तो चौथा गट. तिसऱ्या रात्री दोघी बायका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये डबा घेऊन बसल्या. शेजारी एक साठीची बाई स्टीलचा डबा मांडीवर घेऊन भिंतीला टेकलेली. पेशंट कुठे आहे विचारल्यावर तिने पटकन वॉर्डचा नंबर सांगितला. तो नंबर त्या इमारतीत नव्हता. डबा रिकामा होता, पण रोज घासून लख्ख ठेवलेला, कारण डबा असला की राखणदार उठवत नाही. त्या एका मजल्यावर अशा पाच जणी निघाल्या. कुणी दोन वर्षं, कुणी नवरा गेल्यापासून. त्या रात्री झोपत नाहीत, बसून काढतात, आणि दिवसा देवळात किंवा बागेत झोपतात. त्यामुळे मोजणी फक्त रात्रीची ठेवू नका. दवाखान्यातल्या आयांशी आणि स्थानकातल्या प्रतीक्षालयाच्या सेविकांशी आधी बोला, आणि दुपारी एक ते तीन बागा पाहा.

२१ ते २४ डिसेंबर आम्ही दिवसा फिरलो आणि एकच प्रश्न विचारला: झोपायला बंद जागा मिळाली तर याल का, आणि येणार नसाल तर का? निवारा कसा उभारायचा याची सगळी उत्तरं इथूनच आली. आकडा महापालिकेसाठी लागतो, पण ही उत्तरं आपल्याला लागतात. ‘गाठोडं कुठे ठेवू?’ ‘हातगाडी चोरीला जाईल.’ ‘मला तीनला मार्केटात पोचायचं असतं, दार उघडाल का?’ ‘नवरा-बायकोला वेगळं ठेवतात.’ ‘कुत्र्याला सोडून येत नाही.’ ‘प्यालेला असलो तर हाकलतात.’ ‘तिथे नाव लिहून घेतात.’

जागा म्हणून एक बंद पडलेली शाळा मिळाली: चाळीस बाय अडतीस फुटांचा हॉल, दोन खोल्या, दोन संडास, एक मोरी, पुढे पटांगण. हॉलचे दीड हजार चौरस फूट म्हणजे माणशी पन्नासच्या हिशोबाने तीस जण. तिसाच्या वर एकही गादी टाकायची नाही असं ठरवलं आणि ते पाळणं सर्वांत जड गेलं. दोन खोल्यांपैकी एक बायकांना, आतून कडी असलेली आणि संडासाकडे जायला स्वतंत्र दार असलेली. दुसरी कुटुंबांना.

खान्देशातली थंडी कोरडी असते. धुळ्यात लाटेच्या दिवसांत पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. माणूस गारठतो तो बहुतेक खालून, फरशीकडून. पहिल्या खरेदीत आम्ही पांघरुणांवरच पैसे घातले, माणशी दोन ब्लँकेट, प्रत्येकी २२० रुपये, सत्तर नग, १५,४०० रुपये. तरी पहाटे माणसं कुडकुडत होती. मग पुठ्ठ्याची खोकी उलगडून दोन थर, वर फोमची चटई (३८० रुपये, पस्तीस नग), त्यावर सतरंजी असं केलं आणि वरचं एकच ब्लँकेट पुरलं. पुठ्ठा किराणा दुकानातून फुकट मिळतो आणि दर पंधरा दिवसांनी जाळून बदलता येतो, त्यामुळे ढेकणांचाही बंदोबस्त होतो. हॉलमध्ये शेगडी किंवा निखारे अजिबात नेऊ द्यायचे नाहीत. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाच्या धुराने माणूस झोपेतच जातो. शेकोटी पटांगणात, दहापर्यंत. हॉलच्या वरच्या दोन झडपा कितीही थंडी असली तरी उघड्या.

पाणी तापवायला तांब्याचा जुना बंब आणला, जळण म्हणून कपाशीच्या पऱ्हाट्या. डिसेंबरात त्या शेतातून गाडीभर मिळतात. गरम पाणी हे माणसांना आत आणण्याचं सर्वांत मोठं कारण ठरलं, जेवणापेक्षाही. जेवणाला खिचडी: तीस जणांना साडेतीन किलो तांदूळ, सव्वा किलो तूरडाळ, वर लसणाची फोडणी आणि शेंगदाण्याची चटणी. दात नसलेल्यांसाठी एक वाटी आधी बाजूला काढून जास्त पाणी घालून शिजवायची.

सामानासाठी जाळीचे जुने रॅक आणून तीस कप्पे केले, प्रत्येकाला कुलूप, किल्ली त्याच्याकडे. कुलपं १,८०० रुपयांची. हातगाड्या पटांगणात एका साखळीत. कुत्री व्हरांड्यात. दार रात्री दोनपासून आतून उघडता येईल असं, बाहेरून नाही. प्यालेल्याला मनाई नाही, मारामारीला आणि आत पिण्याला मनाई. नाव सांगायचं नसेल तर मोजणीतलाच सांकेतिक क्रमांक चालतो.

खर्चाचा खरा डोंगर पगाराचा आहे. योजनेच्या सूचनांत पन्नास माणसांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला सहा लाख धरलेत, आणि आठ-आठ तासांच्या पाळीत किमान तीन काळजीवाहक आणि एक व्यवस्थापक. माणशी महिन्याला हजार रुपये, म्हणजे रात्रीला तेहतीस. आम्ही तिघांना १३,००० प्रमाणे ३९,००० महिना दिले. हेच वर्षभर चालवलं तर ४,६८,००० फक्त तीन पगारांत जातात. अंथरूण धुणं, वीज, औषधं आणि व्यवस्थापक उरलेल्या १,३२,००० रुपयांत बसवायचे. बरेच निवारे रात्री एकाच माणसावर का चालतात आणि बायका तिथे का येत नाहीत, हे इथे कळतं. प्रस्तावात पगार कमी दाखवून संख्या वाढवू नका.

२८ डिसेंबरला दार उघडलं. पहिल्या रात्री चार जण आले, दुसऱ्या रात्री सहा. मोजणीत एवढी माणसं आणि गाद्या रिकाम्या, म्हणजे लोकांनाच नको आहे असं म्हणणारे लगेच भेटतात. तेव्हा घाबरून गाडी लावून माणसं उचलून आणायची नाहीत. आमचे रिक्षावाले रोज रात्री दहाला त्याच जागांवर जात होते, चहा द्यायचा, शाळा कुठे ते सांगायचं, ‘येता का’ एकदाच विचारायचं. आधी आलेल्या हमालांनी दोन गोष्टी बाहेर सांगितल्या: दार दोनला उघडतं, गाठोडं जागच्या जागी असतं. ९ जानेवारीला तीस भरले. केळीच्या क्रेटातला म्हातारा दोन आठवडे फक्त व्हरांड्यात कुत्र्याजवळ झोपला. त्याची चटई तिथेच टाकली आणि पट्टेरी ताडपत्री बांधून दिली. दवाखान्यातल्या पाचपैकी तिघी आल्या, त्याही आमच्या परिचारिका स्वतः मुक्कामाला राहू लागल्यावर.

तीस भरल्यानंतर एकतिसाव्याचं काय, हे आधी ठरवून ठेवा. आम्ही क्रम असा ठेवला: लहान मूल सोबत असलेले, बायका, आजारी, साठीच्या पुढचे. बाकीच्यांना त्याच रात्री अंथरूण आणि पुठ्ठा देऊन नाव प्रतीक्षेत. कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही.

आजारांत पहिल्याच आठवड्यात खरूज निघाली. सरकारी दवाखान्यातून पर्मेथ्रिन मलम मिळतं, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्रभर लावून सकाळी अंघोळ, आठवड्याने पुन्हा. एकाला लावून उपयोग नाही, त्या हॉलमध्ये झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच रात्री लावावं लागतं. कपडे उकळत्या पाण्यात, जे उकळता येत नाहीत ते प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून चार दिवस. दोन आठवड्यांच्या वर खोकला असणाऱ्यांची थुंकी तपासली. दोघांना क्षयरोग निघाला, दोघांचीही निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन यादीत, नोंद झाली. त्यांच्या चटया झडपेखाली हलवल्या. पोषणासाठी मिळणारे महिन्याचे हजार रुपये बँक खात्यातच येतात आणि त्यासाठी आधार मागतात. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. आमच्या तात्पुरत्या निवाऱ्याला ती मान्यता नव्हती, त्यामुळे दोन्ही कामं अडून राहिली. मान्यतेचा अर्ज पहिल्याच दिवशी करा.

मतदार यादीचं मात्र सोपं निघालं. बेघर माणसाने नमुना ६ मध्ये जिथे झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकापेक्षा जास्त रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का पाहतो, आणि तसं आढळलं तर पत्त्याचा वेगळा कागद लागत नाही. हे त्या अधिकाऱ्यांनाही माहीत नव्हतं, सूचना छापून न्यावी लागली.

मनोरुग्ण अवस्थेत फिरणाऱ्यांबाबत मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम १०० पाठ असू द्या. पोलिसांनी अशा माणसाला संरक्षण द्यायचं, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, खान्देशात एकही नाही. त्यामुळे पहिली तपासणी जिल्ह्यातच करून घ्यावी लागते. फोनवर सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ क्रमांक आहे. एकटं मूल दिसलं तर १०९८, निराधार वृद्धासाठी १४५६७. हे तिन्ही आम्ही काळजीवाहकांच्या टेबलावर रंगाने लिहून ठेवले होते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून माणसं कमी होऊ लागली. शाळेची जागा २८ तारखेपर्यंतच होती, दोनदा अर्ज करून १० मार्च मिळाली. बंद करायची तारीख आम्ही तीन आठवडे आधी भिंतीवर लावली आणि रोज जेवताना सांगितली. बंद होताना एकोणीस जण होते. चौघांच्या घरी पोलिसांमार्फत संपर्क झाला, त्यातले तिघे गेले, एकाला घरच्यांनी नको म्हटलं. क्षयाच्या दोघांना औषधांसह भाड्याची खोली करून दिली, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. दवाखान्यातल्या तिघींपैकी एक वृद्धाश्रमात, दोघी परत कॉरिडॉरमध्ये. बाकीचे मार्केटात आणि स्टँडवर, चटई-ब्लँकेट सोबत घेऊन.

मोजणीचा अहवाल आणि कायम निवाऱ्याचा प्रस्ताव १७ मार्चला दिला. त्यात एक मागणी उन्हाळ्यासाठीही आहे. मे महिन्यात जळगावकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि तेव्हा उघड्यावरच्या माणसाला दुपारी बारा ते पाच सावली, पाणी आणि पंखा लागतो. निवारा फक्त रात्रीचा ठेवला तर ते तास रस्त्यावरच जातात. प्रस्तावाचा आवक क्रमांक आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. पहिली चौकशी मार्चअखेर केली, तेव्हा फाइल बांधकाम विभागात होती. कुलपं, उरलेल्या चटया आणि बंब रिक्षा संघटनेच्या गोदामात ठेवले आहेत.